मोजणीवाल्या बाई

ये गं, जवळ ये. अजून थोडी सरक. तू तिकडं जव्हारला आणि मी इकडं मोखाड्याच्या अंगाला, हे मला कळतं. पण लिहायचं म्हटलं की मला माणूस समोर बसवावं लागतं, त्याशिवाय हात चालत नाही. आणि आज बसवलंय ते रागवायला. काल फोनवर काय म्हणालीस? "आत्या, पाळणाघराचा परवाना पाहिजे, पण ती तपासणी नको गं. परकी बाई येणार, चुलीपर्यंत शिरणार, डबे उघडणार. मला आत्तापासून धडकी भरलीय." वा गं वा! दुसऱ्यांची लेकरं दिवसभर आपल्या घरात घ्यायची आणि घर मात्र कुणाला दाखवायचं नाही? लग्नाच्या पाहुण्यांना माळ्यापर्यंत सगळं दाखवत फिरतेस ना? मग?

धडकी भरलीय ते मात्र मला आवडलं. ती घालवू नकोस. का, ते सांगते. आणि ते सांगायचं तर आमच्या मोजणीवाल्या बाईंचं सांगायला लागेल.

नाव त्यांचं लिहीत नाही. आमच्या पाड्यावर त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही. आपल्याकडं मोजणी म्हणजे जमिनीची. या बाई पोरं मोजायच्या, म्हणून मोजणीवाल्या. तालुक्याला त्यांचं ऑफिस, घरातल्या पाळणाघरांची तपासणी हे त्यांचं काम. घाटावरच्या कुठल्याशा. उंच, वाळक्या, चष्मा दोरीनं मानेला बांधलेला, आणि साडीखाली पुरुषाची विजार. विजार कशाला, तर रांगायला.

हो, रांगायला. पहिल्यांदा आल्या तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पदर खोचला, साडी गुडघ्यावर घेतली आणि धपकन दोन्ही हात जमिनीवर. मला वाटलं बाईंना चक्कर आली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर खालून आवाज आला, "पाणी नको. मधे येऊ नका. मी आत्ता दहा महिन्यांची आहे."

अशा गेल्या बघ घरभर. ओटीवरून आत, आतून चुलीपाशी, चुलीपासून बाजेखाली. मी हातातला तांब्या तसाच धरून मागं मागं. दाराच्या फळीला खाली एक खिळा बाहेर आला होता, तो त्यांनी गालाला लावून बघितला. कुडाला कोयता खोचलेला होता, त्याची मूठ लोंबत होती. ती खालून हात उंच करून ओढली, कोयता खणकन खाली आला, त्यांच्या बोटांपासून एवढ्याशा अंतरावर. मी किंचाळले. त्या नाही. बाजेखालून उंदराच्या औषधाची पुडी काढली, ती कुणी आणि कधी ठेवली मला आजतागायत माहीत नाही. घर माझं. सारवते मी, लिंपते मी. कुठं पोपडा धरलाय ते डोळे मिटून सांगेन. पण त्या उंचीवरून मी ते घर कधीच पाहिलं नव्हतं. खाली रांगणाऱ्या त्या बाईला दिसत होतं ते घर वेगळंच होतं.

त्यांच्याकडं एक तान्ह्या बाळाची बांगडी असायची, लाल प्लॅस्टिकची. जे हाताला लागेल ते त्या बांगडीतून टाकून बघायच्या. चिंचोका गेला. घड्याळाचा सेल गेला. शर्टाचं बटण गेलं. "बांगडीतून गेलं ते घशातून गेलं," एवढंच म्हणायच्या आणि ती वस्तू आपल्या पिशवीत टाकायच्या. मोगऱ्याची कळीसुद्धा टाकून बघितली. मी हसले. "हसू नका. कळी ओली असते, चिकटून बसते." माझं हसू तिथंच विरलं.

पोरांशी मात्र अहोजाहो. आपला एवढासा पोर मातीत बसलेला, तर त्याच्यापुढं उकिडव्या बसून विचारायच्या, "अहो, काय खाताय? दाखवता का?" आणि आम्हा मोठ्यांशी एकदम करड्या. चहा घ्यायच्या नाहीत. ज्या घराची तपासणी, त्या घरचं पाणीसुद्धा नाही. गूळ, नाचणीची भाकर, मोगऱ्याचा गजरा, कशालाच हात नाही. म्हणायच्या, "चहा प्यायलं की डोळ्यावर साय येते."

जव्हारच्या घाटात एसटीत एकदा माझ्या पुढच्या बाकावर होत्या. दारापाशी एका बाईचा पोर उभा. तो ना यांच्या ओळखीचा, ना नात्यातला. यांनी मागून त्याच्या सदऱ्याची शेपटी मुठीत धरली ती सगळा घाट धरून ठेवली. पोराची आई वळून म्हणाली, "काय वो बाई, सोडा की पोराला." यांनी मूठ आणखी आवळली. डेपोत गाडी उभी राहिली तेव्हा मूठ सोडली, तर बोटं सरळ होईनात. दुसऱ्या हातानं एकेक उघडली. ती बाई कंडक्टरला म्हणाली, "येडी हाय काय ही?" मला वाटलं उठून सांगावं की वेडी नाही, परवानेवाली आहे. पण मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तेव्हा मलाही त्यांची भीतीच वाटायची.

आता परवान्याचं. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. माझ्याकडं पोरं असायची ती कागदाबिगदाशिवायच. आपल्या बाया मोगरा तोडायला उजाडायच्या आधी निघतात, कळी मिटलेली असतानाच तोडावी लागते. जाताना पोर माझ्या ओटीवर टाकायचं, उन्हं चढली की न्यायचं. त्याआधी काय होतं? पोरं मळ्यात न्यायची आणि बांधावर फडक्यात निजवायची. त्या बायांतल्या सुकरीचं थोरलं लेकरू असंच निजवलेलं होतं. अंधार होता, झाडाखाली पाचोळा होता, पान लागलं, म्हणजे जनावर डसलं. सुकरी दोन वाफे पलीकडं कळ्या तोडत होती, तिला आवाजसुद्धा आला नाही. पुढचं मी लिहीत नाही. त्यानंतर तिला मंगी झाली, ती चालायला लागायच्या आतच सुकरीनं माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाली, "काकी, हिला जमिनीवर ठेवू नको."

मग कुठल्याशा दुसऱ्या गावात एक लेकरू पाण्याच्या पिंपात गेलं. त्यावर ग्रामपंचायतीत सांगितलं, असं घरात पोरं ठेवायचं तर परवाना पाहिजे. पावसाच्या आत काढा, नाहीतर बंद करा. बंद करा म्हणजे काय, ते सांगणाऱ्यांना नाही कळलं, पण सुकरीला कळलं. बंद म्हणजे पुन्हा बांध, पुन्हा फडकं. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, मंगीला काखेत घट्ट धरून. मी म्हटलं काढते गं बाई परवाना, काढते.

काढते म्हणणं सोपं. ना-हरकतीचा दाखला, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला. मोखाड्याला जा, साहेब जव्हारला गेलेत. जव्हारला जा, ते मोखाड्याचं काम आहे. ते सगळं तुझंही होईल, त्याला घाबरू नकोस, त्यात नुसत्या चपला झिजतात. खरं भ्यायचं ते शेवटी आलं, विजार घालून.

तर त्या पहिल्या दिवशी बाई सगळं घर रांगून झाल्यावर उठल्या, गुडघे झटकले आणि विचारलं, "मुलं किती?"

मी म्हटलं, "भरलंय घर. देवाची दया आहे."

"किती?"

"पुष्कळ आहेत."

"आकडा सांगा."

आता तुला माहीत आहे आपलं. पोरं मोजायची नाहीत. भाकरी थापताना भाकरी मोजायच्या नाहीत, कोंबडीखालची पिल्लं मोजायची नाहीत, आणि पोरं तर नाहीच नाही. माझ्या सासूनं मरेपर्यंत तिला लेकरं किती झाली हे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "हायेत पायाशी." आकडा तोंडातून गेला की तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यात बसतो, आणि एक कमी होतं. मी हे बाईंना सांगितलं. घाबरत घाबरत सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. नावं सांगायला हरकत आहे का?"

नावाला काय हरकत? मी एकेक नाव सांगत गेले आणि त्या दर नावाला एक बोट मिटत गेल्या. दोन्ही हात तशी बोटं मिटून समोर धरले. मग ओटीवर गेल्या. शेजारच्या अंबीचा नातू काळू सगळ्यांच्या पुढं बसलेला, त्याच्या डोक्यावर मिटलेल्या मुठीनंच टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "एक." दर पोराला एक बोट उघडत गेल्या. दोन, तीन, अशा. आकडा मी तुला आजही लिहून देणार नाही. पण ओटीवरची पोरं संपली आणि बाईंच्या हाताचं एक बोट मिटलेलंच राहिलं.

त्या बोटाकडं मी बघत राहिले. त्याही बघत राहिल्या.

"कोण नाही?"

मला चटकन सांगता येईना गं. काळू, जाई, दोघं जुळे, सगळे तोंडासमोर होते, आणि नसलेलं पोर डोळ्यापुढं येईना. मग आलं. "मंगी," मी म्हटलं. "असेल की. मागच्या अंगाला असेल."

मागच्या अंगाला नव्हती. चुलीपाशी नव्हती. मी "मंगे, ए मंगे" करत परसात गेले, तर पिंपाचं झाकण बाजूला पडलेलं. उन्हाळ्याचे दिवस, टँकर आदल्या दिवशीच येऊन गेलेला, पिंप गच्च भरलेलं. बाई माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळ चाचपला. एवढ्याच वेळेत मी मनात सुकरीचं तोंड पाहिलं, तिला मी काय सांगणार ते ऐकलं, सगळं झालं. पाणी उसळून माझ्या पायावर पडलं तर मला वाटलं रक्तच.

"इथं नाही," बाई म्हणाल्या. हात बाहेर काढला. "विहीर कुठंय?"

विहिरीत बघितलं. तळाला चिखल आणि बेडूक, दुसरं काही नाही. नाल्यात बघितलं, कोरडा. बाई पुढं आणि मी मागं. एवढी वाळकी बाई, पण मला त्यांच्याबरोबर पळता येईना. पळता पळता त्या ओटीवरच्या पोरांकडं परत जायच्या, ती आहेत ना बघायच्या, पुन्हा निघायच्या. मला म्हणाल्या, "तुम्ही इथं बसा, हलू नका, एकही जागचं हलता कामा नये." मी बसले. बसणं त्याहून वाईट. पोरं माझ्याकडं बघून रडायला लागली.

आणि मोहाच्या झाडाकडून अंबी आली. डोक्यावर मोहाच्या फुलांची पाटी आणि काखेत मंगी. मंगीचं तोंड फुलांनी भरलेलं, गाल हे एवढे.

"अगं कुठं नेलीस तिला!"

"रडत होती, मग नेली संगती," अंबी म्हणाली. "तू त्या बाईच्या मागं मागं फिरत होतीस, तुला काय सांगू? आणि नेली तं काय झालं? माझी नाय काय ती?"

त्यात तिचं काय चुकलं, सांग? आपल्याकडं असंच. जाणारी बाई रडतं पोर काखेला मारते नि घेऊन जाते. संध्याकाळी पोर आपल्या आईकडं पोचतंच. कुणी कुणाला विचारत नाही, मी कुणाला कधी विचारलं नव्हतं.

मी मंगीला ओढून घेतलं आणि तिच्या तोंडातली फुलं काढली. बाई परसात पिंपाला टेकून बसल्या होत्या, उन्हात, ओल्या साडीनं. मला वाटलं आता तोंड सोडतील. तर म्हणाल्या, "मला ना, फार भीती वाटते. लहानपणापासून. सगळे हसायचे. या नोकरीत आले तेव्हा वाटलं, हे काम भित्र्या माणसाचंच आहे." मग उठून चष्मा पुसला. "आज परवाना नाही. पुन्हा येईन. कधी, ते सांगणार नाही."

मी म्हटलं, गेला परवाना. पण पुढं त्याहून वाईट झालं. दोन दिवसांत काळूला ताप भरला.

काळूलाच. ज्याच्या डोक्यावर पहिली मूठ टेकवली, त्यालाच. पाड्यावर आणखी काय सांगायला लागतं? टँकरपाशी बाया गप्प व्हायला लागल्या, मी गेले की. एक दिवस ओटीवर निम्मी पोरं. मग फक्त मंगी आणि जाई. बाकीच्या बायांनी पोरं पुन्हा मळ्यात न्यायला सुरुवात केली. माझ्या कानावर आलं, कुणी पुरुष माणूस म्हणाला होता की ती बाई परत पाड्यात शिरली तर बघून घेऊ. आणि तिच्यासाठी एक शब्द वापरला होता, तो मी लिहिणार नाही. आपल्याकडं तो शब्द एखाद्या बाईला लागला की तिचं काय करतात, ते तुला ठाऊक आहे. परवाना जाईल ही भीती एका बाजूला, पोरं बांधावर निजताहेत ही दुसऱ्या बाजूला, आणि आता ही तिसरी. रोज सकाळी मी रस्त्याकडं बघायची, की आज नको येऊ गं बाई, आज नको.

आणि बाजाराच्या दिवशी मी मोखाड्याला जायला फाट्यावर उभी, तर समोरून आलेल्या जीपमधून विजार खाली उतरली.

मी हात धरला त्यांचा. एवढ्या मोठ्या बाईचा हात धरला. "बाई, माघारी जा. पाड्यात जाऊ नका." आणि सगळं सांगितलं, काळूचं, मुठीचं, बायांचं, तो शब्दसुद्धा सांगितला.

त्यांनी ऐकून घेतलं. घाबरल्या होत्या, दिसत होतं. ओठ पांढरे झाले होते. त्यांनी विचारलं काय, तर, "ती नजर पहिल्यालाच बसते का?"

मी म्हटलं, "पहिल्यावर जास्त. असं म्हणतात."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या, पाड्याकडं. मी बाजाराची पिशवी तशीच घेऊन मागं.

अंबी अंगणातच होती. तिनं काळूला पदराखाली घेतलं. बाकीच्या बाया हळूहळू आपापल्या पोरांना काखेत घेऊन जमल्या. त्या दिवशी मळ्याला सुट्टी होती, सगळ्या घरी. दोघंतिघं पुरुष कुडाला टेकून उभे. कुणी बसा म्हटलं नाही.

"बाई, आली तशी जा माघारी," अंबी म्हणाली. "माझा काळू तुझ्या हातानं तापलाय."

"दवाखान्यात नेला होता का?"

"नेला."

"काय म्हणाले?"

"उन्हाचा ताप म्हणं."

"मग?"

"मग काय मग! ऊन काय एकट्या काळूलाच लागतं? बाकीचे काय सावलीत जन्मले?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. कुडाला टेकलेला एक जण सरळ उभा राहिला. बाईंनी पिशवी खाली ठेवली, आणि मला वाटलं आता या रांगायला लागणार, आणि लागल्या तर यांना इथंच मारतील. पण त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी उजवा हात वर केला, बायांनी पोरं मागं ओढली. तो हात त्यांनी आपल्याच छातीवर ठेवला.

"एक," त्या म्हणाल्या.

मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुणालाच काही कळेना. अंबीला कळलं. तिनं तोंडावर पदर घेतला.

"पहिली मी," बाई म्हणाल्या. "आता जे काय बसायचं ते माझ्यावर बसलं. पुढची तुम्ही म्हणाल तर मोजते. नाही म्हणालात तर जाते, पण मग परवाना देता येणार नाही मला. मुलं मोजत नाहीत त्या घराला मी सही करणार नाही. कुणी काहीही केलं तरी."



मग सुकरी पुढं आली. सुकरी कधी चार बायांत बोलत नाही. मंगीला तिनं काखेतून काढलं आणि बाईंपुढं दोन्ही हातांवर धरलं, देवापुढं धरतात तसं.

"मोज," ती म्हणाली. "माझा थोरला कुणी मोजला नव्हता. तरी गेला."

अंबी काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. बाईंनी मंगीच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी हलका. "अहो, तुम्ही दोन." तिच्यामागून जाई आली. मग जुळे. अंबी सगळ्यांत शेवटी आली, काळूला पदरातून पूर्ण बाहेर न काढताच, नुसतं डोकं पुढं केलं तिनं, आणि म्हणाली, "शेवटी घाल ह्याला."

बाई परवान्याच्या कागदावर ओटीच्या खांबाला टेकून सही करत होत्या तेव्हा मला म्हणाल्या, "उद्यापासून एक तुम्ही. पोरं आली की मोजायचं, निजली की मोजायचं, उठली की मोजायचं, नेताना मोजायचं. आणि ज्या हातानं दिलं त्याच हातात परत. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही, अंबीबाईंच्याही नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी बाया पोरं टाकून गेल्या, आणि मी ओटीवर उभी राहिले. छातीवर हात ठेवला. एक म्हणायचं होतं. एवढा साधा शब्द. तो तोंडातून निघेना गं. माझ्या घरधन्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, मला वाटलं आता माझी पाळी मी माझ्या तोंडानं बोलावतेय. बाई हे रोज कसं करत असतील, किती घरांत, किती वेळा, साखरशेतला, इकडं, तिकडं, प्रत्येक ओटीवर स्वतःला पुढं करून? मी डोळे मिटले आणि म्हटलं. काही झालं नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं.

त्यानंतर बाई येत राहिल्या, कधी पहाटे, कधी भर दुपारी. एकदा कुंपणाच्या मागं करवंदीच्या जाळीत बसून मी मोजते की नाही ते ऐकत होत्या. जुळ्यांपैकी एकानं त्यांची विजार ओळखली. आणि हळूहळू वाळत गेल्या. खोकायच्या. बाया आपसांत काय म्हणायच्या ते तू ओळखलंस. अंबी तर एकदा त्यांची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आली, आणि बाई चक्क उभ्या राहिल्या, काढू दिली. चहा मात्र तेव्हाही नाही.

मग यायच्या थांबल्या. मी मोखाड्याला ऑफिसात विचारलं, म्हणाले बदली झाली, लांब. तब्येत बरी आहे ना त्यांची, एवढं विचारायला माझं तोंड उघडलं होतं. पण मी ते विचारलं नाही. काय उत्तर येईल, या भीतीनं जिना उतरून आले.

आणि आता हे ऐक, कारण खरं सांगायचं ते हेच. गेल्या महिन्यात परवाना नवा करायला नवे साहेब आले. पोरगासा, गोड बोलणारा. आत आला, खुर्चीवर बसला, आजी आजी म्हणाला, चहा घेतला, दुसरा कप मागितला. फोनमधनं पोरांचे, घराचे फोटो काढले. "आजी, घर एकदम छान ठेवलंय हं," म्हणाला आणि सही करून गेला. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत, तेवढंच घर त्यानं बघितलं. त्याचा दोष नाही, त्याला दिवसात बरीच घरं असतील. पण तो गेला आणि मला जी भीती वाटली, ती विजारवाल्या बाईंच्या पहिल्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती. आता या घराला घाबरणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आणि मी थकले गं. घर पाठ झालंय मला, खिळा असला तरी डोळा त्याच्यावरून घसरून जातो. खाली बसून बघावं म्हटलं तर गुडघे मला उठू देत नाहीत. परवा रांगायला गेले आणि चुलीपाशीच अडकून बसले, आता मोठ्या झालेल्या त्या जुळ्यांनी हाताला धरून उठवलं.

मंगीचं लग्न झालं, माहीत आहे ना? तिचं लेकरू आता माझ्या ओटीवर असतं. बसायला लागलंय. आठवडाभरात रांगेल.

म्हणून म्हणते, तुझ्या तपासणीचं पुढं बघू. आधी तू इकडं ये. कधी येतेस ते कळवू नकोस, नाहीतर मी आवरून ठेवीन. उतरलीस की सरळ घरात शीर, डबे उघड, बाजेखाली बघ, मला नको नको ते विचार, भांड माझ्याशी. पण या आठवड्यातच ये गं, ते लेकरू रांगायच्या आत.